आठव्या दिवसाचं बारसं

हंबीरराव इंगवल्यांनी आयुष्यात दारूची बाटली एकदाच विकत घेतली, आणि तीही सरकारी परवाना काढून. परवाना काढून बाटली घेणारी माणसं आपल्या जिल्ह्यात किती, याची मोजदाद कुणी केलेली नाही. पण दुकानदाराला परवान्याचं पुस्तक शोधायला अर्धा तास लागला आणि शेवटी ते फ्रीजच्या मोडक्या पायाखाली सापडलं, यावरून काय तो अंदाज करावा.

ही बाटली त्यांनी आणली ती एका मुलीला खरं बोलायला शिकवण्यासाठी. मुलगी सहा दिवसांची होती. हे वाचून कुणाला हंबीररावांच्या डोक्याविषयी शंका आली, तर त्यात नवल नाही. संयोगिताबाईंना ती लग्नापासून आहे.

हंबीरराव वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. नोकरी सुटून आठ वर्षं झाली, पण काटा सुटला नव्हता. घरात भाजी आली की आधी वजन, मग फोडणी. मेहुणीनं आणलेल्या अर्धा किलो पेढ्यांत खोक्याचं वजन धरलेलं आहे, असं त्यांनी तिला चारचौघांत सांगितलं होतं. तेव्हापासून मेहुणी येते, पेढे येत नाहीत. खोटं बोलणं त्यांना जमत नसे असं नाही, त्यांनी ते कधी करून बघितलं नव्हतं. अशा माणसाचं कॉलनीनं करायचं तरी काय? रेणुका कॉलनीनं त्यांना व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्ष करून टाकलं. सेक्रेटरी आकाराम चौगले. त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं, पण जीव रमे तो फ्लेक्स लावण्यात, व्हिडिओ काढण्यात आणि दिसेल त्याचा सत्कार करण्यात.

हंबीररावांच्या वरच्या मजल्यावर क्वाकू बोआटेंग आणि त्याची बायको आमा हे भाडेकरू राहत. दोघं घाना देशातल्या कुमासी शहरचे. क्वाकू विद्यापीठात मातीवर संशोधन करी. इंग्रजी तो पुस्तकं वाचून शिकला होता आणि मराठी चहाच्या गाड्यावर; त्यामुळे त्याचं इंग्रजी प्राध्यापकासारखं आणि मराठी ट्रकड्रायव्हरसारखं होतं. एका शुक्रवारी आमाला मुलगी झाली. शनिवारी दुपारी क्वाकू जिना उतरून खाली आला, चपला बाहेर काढल्या आणि हंबीररावांसमोर उभा राहिला.

"बस की," हंबीरराव म्हणाले.

"न्हाय काका. हे काम उभ्यानंच सांगायचं असतंय."

मग त्यानं सांगितलं ते असं. त्यांच्याकडे मूल जन्मलं की सात दिवस ते पाहुणं असतं. राहायचं की परत जायचं, हे त्याचं त्यानं ठरवायचं. आठव्या दिवशी पहाटे ते घरचं होतं आणि मग त्याला नाव मिळतं. त्या वेळी घरातला वडीलधारा माणूस मुलाला मांडीवर घेतो आणि बोट पाण्यात बुडवून तीनदा त्याच्या जिभेला लावतो. म्हणतो, बाळा, पाणी म्हणशील तर ते पाणीच असू दे. मग दुसऱ्या पेल्यात बोट बुडवतो, तो दारूचा. बाळा, दारू म्हणशील तर ती दारूच असू दे. खऱ्याला खरं म्हण, एवढंच शिकवायचं. बारसं झालं.

"आणि काका, ज्याचं बोट लागंल त्याचा स्वभाव पोरात उतरतोय. म्हणून खरं बोलणारा माणूस बघायला लागतोय. माझं वडील तिकडं. हितं मी आमाला म्हटलं, आपल्या वळखीत असला माणूस एकच हाय."

स्वयंपाकघरातून संयोगिताबाईंच्या खोकण्याचा आवाज आला. हंबीररावांनी तिकडे लक्ष दिलं नाही. आठ वर्षांत त्यांच्या खरेपणाची गरज अशी कुणाला पडलीच नव्हती. उलट लोक तो चुकवून पलीकडच्या गल्लीनं जात. त्यात त्यांची मुलगी अनुजा कॅनडात. नातू झाला तो फोनवर, त्याचं बारसंही फोनवर. मांडीवर तान्हं मूल घेऊन त्यांना तीस वर्षं होत आली होती. ते गरजेपेक्षा मोठ्यांदा म्हणाले, "करू की! त्यात काय!"

"दारूचं टेन्शन घेऊ नका," क्वाकू म्हणाला. "आमच्या चर्चमधली लोकं सरबत वापरत्यात. फक्त नानांचं म्हणणं पडलं, जिन पायजे." नाना म्हणजे क्वाकूचे वडील. त्यांच्याकडेही म्हाताऱ्याला नानाच म्हणतात, त्यामुळे कॉलनीला त्यांची वेगळी ओळख करून द्यावी लागली नव्हती.

इथे दुसरा कुणी असता तर लिंबू पिळून मोकळा झाला असता. पण हंबीररावांनी कपाळाला आठ्या घातल्या. "सरबताला दारू म्हणायचं? आणि ते पोरीला खरं बोलायला शिकवताना? ह्याला काय अर्थ हाय? जिन म्हंजे जिन. मी बघतो." क्वाकूनं ती आणतो म्हटलं, तर तेही त्यांना चालेना. परदेशी माणूस, विद्यार्थी, व्हिसावर आलेला. उद्या कुणी काही विचारलं तर? घरमालक म्हणून जबाबदारी कुणाची?

अशा रीतीनं व्यसनमुक्ती समितीच्या अध्यक्षांनी जिन आणण्याचं काम स्वतःच्या अंगावर ओढून घेतलं.

बारशाची बातमी कॉलनीभर झाली आणि सल्ले सुरू झाले. शेजारच्या अंबूबाईंना आमाचं कौतुक होतं, कारण ती डाव्या हातानं कधी काही देत-घेत नसे. पण आठवा दिवस त्यांना पटेना. "बारसं बाराव्या दिवशी आसतंय. आठव्याला काय करत्यात? आणि पाचव्या दिवशी सटवी यिऊन नशीब लिवून जाती, तिला ह्यांच्यातलं कसं वाचता येणार?" समोरचे फक्रुद्दीन शिकलगार यांनी तोड काढली. ते चाकूकात्र्यांना धार लावत, बोलतही तसंच. "आमच्यात सातवा दिवस, तुमच्यात बारावा. ह्यांनी आठवा धरलाय. तुमच्यापेक्षा आमच्या जवळचा हाय, पर आमचा न्हाय. भांडान मिटलं." अंबूबाई म्हणाल्या, शुक्रवार देवीचा. फक्रुद्दीन म्हणाले, शुक्रवार जुम्म्याचा. शुक्रवारवर एकमत झालं.

त्यातच क्वाकूनं सांगितलं, की त्यांच्याकडे पहिलं नाव वारावरूनच पडतं. शुक्रवारची मुलगी ती अफुआ. ते आधीच ठरलेलं. दुसरं नाव बाप ठेवतो, एखाद्या मानाच्या माणसाचं, आणि ते आठव्या दिवसापर्यंत कुणाला सांगत नाहीत. झालं! कॉलनी आपापला वार शोधायला बसली. फक्रुद्दीन शनिवारचे निघाले म्हणून क्वामे झाले आणि दोन दिवस त्याच नावानं ओ देत होते. हंबीररावांची पंचाईत झाली. त्यांच्या दाखल्यावर तारीख होती एक जून, आणि ती हेडमास्तरांनी घातलेली. त्यांच्या वर्गातली सगळी पोरं एक जूनला जन्मलेली होती. खरा वार आईला विचारावा तर ती नाही. जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासलेल्या माणसाला स्वतःचा वार सांगता येईना, हे त्यांना फार लागलं.

पण त्याहून मोठी गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली होती. दुसरं नाव मानाच्या माणसाचं. इथे मानाचं माणूस कोण, याचा त्यांनी सगळीकडून विचार केला आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच आलं. "पोरीला हंबीर नाव बरं दिसंल का गं?" असं त्यांनी एकदा जेवताना विचारलं. संयोगिताबाईंनी त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

आता प्रश्न राहिला बाटलीचा. कोल्हापुरात ती घेणं शक्य नव्हतं. शहरातल्या प्रत्येक दारूच्या दुकानासमोर त्यांनी कधी ना कधी घोषणा दिलेल्या. तेव्हा त्यांनी गारगोटी गाठायचं ठरवलं. पन्नास किलोमीटर लांब, तिथे आपल्याला कोण ओळखतंय?

ही चूक फक्त हंबीररावच करू जाणोत. गारगोटीत त्यांनी नऊ वर्षं नोकरी केली होती. पण त्या नऊ वर्षांत त्यांनी माणसांकडे कधी बघितलंच नव्हतं, काट्याकडे बघितलं होतं. त्यामुळे आपण जसे त्यांना ओळखत नाही, तसे तेही आपल्याला ओळखत नसणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

बुधवारी सकाळी मफलर गुंडाळून ते एस.टी.तून उतरले, तर नेमका बाजार भरलेला. पहिल्याच भाजीवालीनं मान वर केली आणि पाटी पुढे ओढत ओरडली, "काटेसाहेब आलं वो!" ती हाळी त्यांच्या पुढे पळाली. दगडाची वजनं पोत्याखाली गेली, तराजूच्या तळाला लावलेली चिंच खरवडून निघाली, एका कांदेवाल्यानं तर घाबरून गिऱ्हाइकाला पावशेर जास्त दिला. साहेब निवृत्त झाले, हे गारगोटीला कुणी कळवलंच नव्हतं. हंबीररावांनी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, की बाबांनो, मी आता कुणी नाही. पण आठ वर्षांनी एवढा बाजार त्यांना बघून सरळ झाला होता. त्यांना बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. ते छाती थोडी पुढे काढून चालू लागले.

दारूच्या दुकानात सम्राट नावाचा माणूस गल्ल्यावर होता. तो उठून उभा राहिला. "साहेब, आपल्यात सगळं छापील किमतीनंच हाय! काय बी बघा!"

"मला एक जिन पायजे."

"नमुना का?"

"नमुना न्हाय. इकत. आणि आधी परवाना द्या. एका दिवसाचा."

चार वर्षांत सम्राटकडे हे कुणी मागितलं नव्हतं. पुस्तक सापडेपर्यंत अर्धा तास गेला. फ्रीज वाकडा झाला तो झालाच. परवान्यावर कारण छापलेलं होतं: प्रकृतीच्या रक्षणासाठी. हंबीररावांचं पेन थांबलं. "माझी प्रकृती बरी हाय. ही खोटी सही मी कशी करणार?" सम्राट म्हणाला, साहेब, सगळेच करतात. म्हणजे कुणी केली असती तर केली असती. हंबीररावांनी ती ओळ खोडली, वर सुवाच्य अक्षरात 'बारशासाठी' असं लिहिलं, खाडाखोडीपाशी सही केली, स्थळप्रत मागून घेतली, पैसे मोजून दिले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली पिशवीत घालून बाहेर आले.

बाहेर तीस-चाळीस माणसं उभी होती आणि सगळ्यांत पुढे आकाराम चौगले. आकारामची सासुरवाडी गारगोटी, हे हंबीररावांना त्याच्या लग्नात जेवूनही लक्षात राहिलं नव्हतं.

"अध्यक्ष!" आकाराम ओरडला. मोबाइल आधीच वर गेला होता. "एकटं? कुणाला काय बी न सांगता? दुकानात घुसून नमुना जप्त केला व्हय?"

पिशवीतून बाटलीची मान बाहेर आली होती. हंबीररावांनी तोंड उघडलं. सांगायचं बरंच होतं. घाना सांगायचा, नाना सांगायचे, सात दिवसांचं पाहुणपण, खऱ्याला खरं म्हणणं. भर बाजारात तेवढं सांगायला वेळ नव्हता आणि धीर तर मुळीच नव्हता.

"हं," ते म्हणाले.

आयुष्यातलं त्यांचं पहिलं खोटं. एवढंसं. त्यांच्या जुन्या खात्यात इतक्या लहान तुटीवर खटला भरत नसत.

संध्याकाळपर्यंत तो 'हं' कोल्हापूरभर फिरला. 'व्यसनमुक्ती समितीच्या अध्यक्षांची धडक' असा व्हिडिओ आला, मागे ढोल-ताशा. गुरुवारी सकाळी त्याच्याखाली कुणी तरी लिहिलं, मापात पाप असणारच. दुपारी ते 'असणारच' गळून पडलं आणि गारगोटीच्या त्या दुकानात साडेसातशे मिलीच्या बाटलीत सहाशेच भरतात, असं लोक छातीठोक सांगू लागले. समितीची तातडीची बैठक झाली. ठराव दोन. पहिला, दुकान बंद करण्यासाठी निवेदन द्यायचं. दुसरा, अध्यक्षांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. शुक्रवारी पहाटे बारशाला सगळी कॉलनी जमणारच होती, तेव्हा तिथेच उरकायचा. मांडवाचा खर्च वाचत होता.

बाटली तांदळाच्या डब्यात होती. संयोगिताबाईंनी मात्र पहिल्या दिवसापासून कुणापासून काही लपवलं नाही. अंबूबाई वाटीभर तांदूळ मागायला आल्या, तर त्या म्हणाल्या, "थांबा, वरची दारूची बाटली बाजूला काढते." अंबूबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. "वैनी, तुम्ही बी काय!" आकाराम विचारायला आला, नमुना नीट ठेवलाय ना? संयोगिताबाई म्हणाल्या, "नमुना कसला? ह्यांनी इकत आणलीया, बारशाला." आकारामनं डोळा मारला आणि समितीला जाऊन सांगितलं, की वैनींनी कमालीची गुप्तता पाळली आहे.

गुरुवारी संध्याकाळी हंबीररावांना फोन आला. सम्राटचा. नंबर त्यानं परवान्यावरून घेतला होता.

"साहेब, तुमी रीतसर पैसं देऊन नेली. परवाना बी काढला. आणि हितं सगळी म्हणत्यात, सम्राट माप मारतोय. मालक म्हणला, परवापासनं येऊ नगंस. माझं चुकलं काय, तेवढं सांगा."

"उद्या बघतो," हंबीरराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. अख्ख्या नोकरीत त्यांनी पुष्कळांवर खटले भरले, पण बरोबर माप देणाऱ्याचं नुकसान त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. आणि उद्या पहाटे हेच बोट त्या पोरीच्या जिभेला लागणार. स्वभाव उतरतो म्हणे. ते असल्या गोष्टी मानत नसत; पण घानाचं त्यांनी अजून काही तपासलेलं नव्हतं, तेव्हा नाही तरी कसं म्हणायचं?

"सांगून टाका की," संयोगिताबाई म्हणाल्या.

"सगळ्यांच्या फुडं?"

"'हं' सगळ्यांच्या फुडंच केलंसा न्हवं?"

हंबीरराव वर गेले. मुलीला बघण्याचं निमित्त होतं. तिथे त्यांनी क्वाकूला हळूच विचारलं, हे सगळं तुमच्या भाषेत कसं म्हणतात? क्वाकूला आनंद झाला. पाणी म्हणजे इन्सुओ. दारू म्हणजे इन्सा. हंबीररावांनी पाठ केलं. खाली येताना त्यांचं पाऊल हलकं पडत होतं. मुलीला खरंच सांगायचं, शब्दाला शब्द. फक्त ते कॉलनीला कळणार नाही. कायद्याच्या चौकटीत बसत होतं. सम्राटचं नंतर बघू, सवडीनं, एखादं पत्र लिहून. वजनमापे खात्यात पळवाटा शोधणारे व्यापारी त्यांनी हयातभर पकडले होते. ते कसे विचार करतात, हे त्यांना प्रथमच आतून समजलं.

शुक्रवारी सहा वाजता गच्चीवर सगळे जमले. थंडी होती. मफलरं, स्वेटरं, अंबूबाईंच्या अंगावर नातवाचं जर्किन. आमा पांढऱ्या कपड्यांत खुर्चीवर बसली होती. कोपऱ्यात समिती शाल, नारळ आणि टाइप केलेलं निवेदन घेऊन उभी. आकारामनं लाइव्ह सुरू केलं होतं. गारगोटीतूनच सव्वाशे माणसं बघत होती. पाण्याच्या टाकीवर दुसरा मोबाइल टेकवलेला, त्यात कुमासीचे नाना. तिकडे मध्यरात्र उलटलेली, पण नाना खांद्यावरून रंगीत वस्त्र घेऊन ताठ बसले होते.

मुलगी मांडीवर आली. हंबीररावांना तिचं वजन नेमकं कळलं, सव्वातीन किलो, आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. तिनं त्यांच्या स्वेटरचं बटण मुठीत धरलं होतं. त्यांनी बोट पाण्यात बुडवलं.

"इन्सुओ..." त्यांनी सुरुवात केली.

टाकीवरून नाना काहीतरी बोलले. क्वाकू दोन मिनिटं ऐकत राहिला. मग म्हणाला, "काका, नाना म्हणत्यात, आमची भाषा आम्ही शिकवू. पोर जन्मली ती हितल्या मातीत. जी भाषा तिच्या कानावर पडणार, त्या भाषेत सांगा. आणि मोठ्यांदा. सगळी साक्षीदार असत्यात."

हंबीररावांनी गच्चीभर नजर फिरवली. सगळी कॉलनी कौतुकानं बघत होती. संयोगिताबाई बघत नव्हत्या, त्या बाळाचं टोपरं नीट करत होत्या.

"बाळा," ते म्हणाले, "पाणी म्हणशील तर ते पाणीच असू दे." तीनदा बोट लागलं. मुलीनं मिटक्या मारल्या. लोकांनी माना डोलावल्या. मग क्वाकूनं दुसरा पेला पुढे केला. बोट आत गेलं, बाहेर आलं, आणि जिभेपासून वीतभर अंतरावर थांबलं.

मुलीनं तोंड उघडून ठेवलं होतं. तिला काही माहीत नव्हतं. जे द्याल ते ती घेणार होती, आणि हेच हंबीररावांना सहन होईना.

"थांबा," ते म्हणाले. "आकाराम, ते चालू हाय?"

"चालू हाय, अध्यक्ष! बोला!"

"मग ऐका. ह्या पेल्यात जिन हाय. दारू. नमुना-बिमुना काय न्हाय. मी रिटायर माणूस, मला नमुना घ्यायचा अधिकारच न्हाय. ही मी गारगोटीतनं पैसं देऊन इकत आणली, ह्या पोरीसाठी. सम्राटच्या दुकानात मापाची काय बी खोट न्हाय. त्यानं माझ्या एका शब्दावर परवाना शोधून दिला. खोट माझ्यात हाय. तुम्ही इचारलासा आणि मी 'हं' म्हटलं. मला लाज वाटली म्हणून म्हटलं. बास."

मग त्यांनी खाली बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "बाळा, दारू म्हणशील तर ती दारूच असू दे." बोट जिभेला लागलं. बोट नुसतं ओलं होतं, पण पोरीनं तोंड वाकडं केलं आणि अशी किंचाळली, की चौथ्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

टाकीवरून नानांनी विचारलं, म्हातारा एवढं काय बोलला? क्वाकूनं सांगितलं. नाना हसले, तिथल्या तिथे खुर्चीत हलेपर्यंत हसले. मग म्हणाले, की आजवर त्यांनी चाळीस बारशी केली, पण एवढ्या तपशिलात कुठल्याच पोराला सांगितलं गेलं नव्हतं.

"राजीनामा देतो," हंबीरराव आकारामला म्हणाले.

आकारामनं शालीकडे बघितलं, निवेदनाकडे बघितलं, मोबाइलकडे बघितलं. "आता पाचशे जण बघाय लागल्यात," तो खोल आवाजात म्हणाला. त्यानं निवेदनाची घडी करून खिशात कोंबली. शाल हातात आलीच होती, तिचं काहीतरी करायला हवं होतं. ती त्यानं बाळाच्या अंगावर घातली आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. नारळ फक्रुद्दीननी फोडला. राजीनाम्याचं पुढच्या बैठकीत बघू, असं ठरलं. ती बैठक अजून व्हायची आहे. सम्राटचा मेसेज मात्र लगेच आला. मालकानं लाइव्ह बघितलं होतं, नोकरी राहिली.

रीतीप्रमाणे तो पेला हातोहात फिरला. ज्याला नको त्यानं नुसतं ओठाला लावल्यासारखं करायचं. समितीच्या सभासदांनी तसं केलं, आणि काहींनी ते दोनदा केलं.

मग क्वाकू उभा राहिला. नाव सांगायचं होतं. हंबीररावांनी मान खाली घातली. नाव तर आता गेलंच, हे त्यांना कळत होतं; पण कान काही ऐकायचं सोडत नव्हते.

"अफुआ संयोगिता बोआटेंग," क्वाकू म्हणाला.

संयोगिताबाईंनी हातातला चहाचा ट्रे अंबूबाईंकडे सरकवला. "माझं?" त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून मटकन खाली बसल्या.

"ह्या 'हं'मुळं बदललंस व्हय?" हंबीररावांनी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"न्हाय ओ काका," क्वाकू मनापासून म्हणाला. "नाव पहिल्याच दिवशी ठरलंय. आमाला डोहाळं लागलं तवापासनं भाकरी कुणी दिली? दवाखान्यात रात्रभर कोण बसलं? तुम्ही नावासाठी न्हवता. तुम्ही बोट लावाय हुता."

फक्रुद्दीन दुसरीकडे बघून खोकले. हंबीररावांनी मुलीच्या अंगावरची शाल सारखी केली. अपमान झाला म्हणावं तर बरोबर माप मिळालं होतं. खाली बसलेल्या संयोगिताबाई रडत होत्या आणि हसत होत्या, आणि बत्तीस वर्षांत या बाईच्या नावानं कुणी काही केलं नव्हतं, त्यांनी स्वतःही केलं नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"बरं, ते जाऊ दे," ते थोड्या वेळानं म्हणाले. मुलगी अजून त्यांच्याच मांडीवर होती आणि शालीत झोपली होती. "माझा म्हणून जो काय स्वभाव हिच्यात उतरला, तो कसला उतरला? आदीचा, का आत्ताचा?"

क्वाकूनं खांदे उडवले. "बघू की. बोलाय लागल्यावर कळंल."

"पोरं कवा बोलाय लागत्यात गं?"

"वरसानं," संयोगिताबाई डोळे पुसत म्हणाल्या. "हिला दोन-दोन भाषा. सव्वा वरीस तरी धरा."

हंबीररावांनी मनातल्या मनात काहीतरी मोजलं. मग मुलगी जपून आमाच्या हातात दिली, उठले आणि जिन्याकडे निघाले.

"आता कुटं?" संयोगिताबाईंनी विचारलं.

"खाली. घरभाड्याचा करार अकरा महिन्यांचाच असतोय," ते न थांबता म्हणाले. "ती बोलायच्या आत संपंल. आत्ताच वाढवून ठेवतो."